निरंक

दिवाळीच्या अंकात पोटाच्या दुखण्यांवर लिहिणे म्हणजे फराळाच्या ताटाशेजारी एरंडेलाची बाटली ठेवण्यासारखे आहे, हे मला कळते. संपादकांनी विषय विचारला तेव्हा मी आधी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले; मागाहून धीर करून खरा विषय सांगितला. त्यांनी हरकत घेतली नाही. तेव्हा वाचकांनी आधी चकल्या-करंज्यांचा यथास्थित समाचार घ्यावा, हात धुवावेत, आणि मग निवांतपणे हा लेख हाती घ्यावा.

मी वैद्य नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; पोटासाठी शाळामास्तरकी आणि हौसेसाठी कादंबऱ्या, असा माझा संसार. पण मास्तरकीत वीस-बावीस वर्षे काढल्यावर माणूस एक गोष्ट पक्की शिकतो, ती ही की हजेरीपट म्हणजे वर्ग नव्हे. पटावर ज्याच्या नावापुढे 'आजारी' असते तो पोरगा बापाबरोबर कांदे काढायला गेलेला असतो; आणि अंगात ताप असताना शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलेली पोरगी पटावर धडधडीत 'हजर' असते. सरकारी दप्तरातला रोगाचा आकडा हाही असाच एक हजेरीपट आहे. तो खोटा नसतो. पण तो कोणी, कधी आणि कोणत्या परिस्थितीत भरला हे ठाऊक नसेल तर त्याच्यावरून वर्गात काय चालले आहे ते कळत नाही.

समजा, एखाद्या लग्नात दोनशे पाने उठली आणि बासुंदीने दगा दिला. रात्री साठ-सत्तर जणांची पोटे बिघडली. त्यांतले बहुतेक ओवा चावतील, लिंबूपाणी पितील, यजमानाला मनातल्या मनात चार शब्द सुनावतील आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागतील. दहा-बारा जण डॉक्टरकडे जातील. डॉक्टर गोळ्या देतील. शौचाची तपासणी करून आणायला सांगतील ते एखाद्यालाच. तो एखादा दिलेली डबी खिशात घालून घरी जाईल आणि लाजेपायी ती डबी परत येणारच नाही. समजा आलीच, तर प्रयोगशाळेने नेमका तोच जंतू शोधला पाहिजे, तो सापडला पाहिजे, आणि सापडल्यावर कुणीतरी वर कळवले पाहिजे. इतके उंबरठे ओलांडून जो रोगी दप्तरात पोहोचतो, त्याची नोंद 'एक' अशी होते. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०११ साली याचा हिशेब मांडला, तेव्हा साल्मोनेला नावाच्या जंतूच्या बाबतीत नोंदीतल्या अशा एका रोग्यामागे जवळपास तीस रोगी बिननोंदीचे असतात असे निघाले. त्याच हिशेबाप्रमाणे त्या देशात वर्षाला ४ कोटी ८० लाख माणसे दूषित अन्नाने आजारी पडत, १ लाख २८ हजार इस्पितळात जात आणि ३ हजार दगावत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साऱ्या जगाचा अंदाज दिला तो वर्षाला ६० कोटी रोगी आणि ४ लाख २० हजार मृत्यू असा. मेलेल्या दहांमध्ये तीन, पाच वर्षांखालची मुले.

हे उंबरठे झाले नेहमीच्या दिवसांतले. एखादी महामारी आली म्हणजे त्यांतला एकेक उंबरठा डोंगराएवढा होतो. माझ्या लेखाचा विषय तेवढाच आहे.

आपल्याकडे असे एकदा चांगलेच होऊन गेले आहे. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी एका तापाचे निदान केले: ही प्लेगची गाठ आहे. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग, उंदरांचे माहेरघर. पुढे जे झाले ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. रोग्यांना सक्तीने हलवणे, घरांच्या झडत्या, ४ फेब्रुवारी १८९७चा साथरोगांचा कायदा, पुण्यात रँडसाहेबाची प्लेग कमिटी, रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने गेलेल्या सावित्रीबाई फुले, आणि २२ जूनची ती गणेशखिंडीची रात्र. वर्गात शिकवताना मी चापेकरांपाशी जरा रेंगाळतो, कारण मुलांचे डोळे तिथेच चमकतात. पण त्या झडत्यांच्या दिवसांत ज्या घरात प्लेग नव्हताच, दुसराच ताप होता, दुसरीच ओकारी होती, त्या घरात काय झाले असेल, हा प्रश्न मला कुणा मुलाने विचारला नाही आणि मीही स्वतःला पुष्कळ वर्षे विचारला नाही.

लोक रोगाइतकेच इस्पितळाला भीत. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर गिरणीकामगारांचा हजारभर जमाव चालून गेला. १८९७च्या आरंभी मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती गाठोडी बांधून शहराबाहेर पडली. जे मागे राहिले त्यांनी रोगी माळ्यावर, अडगळीत, परसात लपवले. अंगात कसलाही ताप असला तरी तपासणीवाले उचलून नेतील, ही धास्ती. मेलेल्यांच्या नोंदी भलत्याच तापांच्या नावावर चढल्या. शेवटी अधिकाऱ्यांनाच नेहमीच्या सालची मृत्युसंख्या घेऊन ती त्या सालच्या मृत्युसंख्येतून वजा करावी लागली आणि उरलेल्या बाकीवरून प्लेगचा अदमास करावा लागला. वजाबाकीने प्लेग सापडतो. पण त्या बाकीत हगवण किती, पटकी किती, विषमज्वर किती, हे वजाबाकी सांगत नाही.

योगायोग असा की त्याच १८९६ साली पॅरिसला फर्नां विदाल यांनी विषमज्वराची, म्हणजे टायफॉईडची, रक्तपरीक्षा प्रसिद्ध केली. रोग्याच्या रक्तातला पाण्यासारखा अंश घ्यायचा, त्यात टायफॉईडचे जंतू सोडायचे; जंतू एकमेकांना चिकटून गोळा झाले की ओळख पटली. अन्नपाण्यातून येणारा एक ताप बाकीच्या तापांतून वेगळा काढायची सोपी चाळणी माणसाच्या हाती आली, आणि नेमके त्याच वर्षी मुंबईत सगळे ताप एका पोत्यात भरले गेले.

दुसरी गोष्ट हाफकिनसाहेबांची. हा ओडेसाचा विद्वान १८९३ साली हिंदुस्थानात आला तो पटकीची लस घेऊन. बंगालच्या वस्त्यांतून त्याने ती हजारोंना टोचली. १८९६च्या ऑक्टोबरात सरकारने त्याला मुंबईस बोलावून ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका तुटपुंज्या जागेत प्लेगच्या कामाला लावले. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने नवी लस आधी स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. परळच्या संस्थेला त्याचे नाव आहे ते यामुळे, आणि ते योग्यच आहे. पण पटकीवरचा माणूस प्लेगवर गेला, हेही खरे. पटकी काही रजेवर गेली नव्हती. १८९६-९७च्या दुष्काळात खडी फोडायला जमलेल्या भुकेल्या माणसांत ती सुखाने नांदत होती.

साताऱ्याकडच्या आमच्या मूळ गावी, प्लेगच्या दुसऱ्या की तिसऱ्या साली, माझ्या पणजीच्या धाकट्या दिराला ढाळ-वांत्या सुरू झाल्या. ही गोष्ट आजी सांगे; तिने ती सासूच्या तोंडून ऐकलेली. त्याला गाठ नव्हती, ताप नव्हता. हातापायांत गोळे येत होते, डोळे खोल गेले होते, लक्षणे सारी पटकीची. पण गावात तपासणीवाले आले होते. घरच्यांनी त्याला माजघरात कणगीआड निजवले आणि पुढच्या सोप्यात पणजी जात्यावर बसली, आतले कण्हणे बाहेर जाऊ नये म्हणून. जात्यात दाणे नव्हते. नुसतेच दगड फिरत होते. तपासणीवाले गेले, दिवेलागणीला दीरही गेला.

लहानपणी ही गोष्ट मला मोठी शौर्याची वाटे. मोठेपणी दुःखाची वाटू लागली. पण पणजीला दोष देणे माझ्या जिवावर येते. तिने त्याला इस्पितळात पाठवला असता तर तिथे तरी त्या काळी काय होते? शिरेतून मिठाचे पाणी भरून पटकीचा रोगी उठवण्याची विद्या अजून कच्ची होती. साखर-मिठाच्या पाण्याची किमया तर आणखी सत्तर वर्षांनी आली. लपवण्यात गमावण्यासारखे फारसे नव्हतेच. पुढे जी हकीकत सांगणार आहे तिच्यात तसे म्हणायची सोय नाही.

तिकडे जाण्याआधी मात्र वाचकांना सव्वाशे वर्षांची आणि सात समुद्रांची उडी मारायला लावतो. कारण महामारीने पोटाचे रोग कसे झाकले जातात हे २०२० साली जिथे आकड्यांनी नीट मोजता आले, ती जागा अमेरिका. तिथे मोजणारी माणसे आधीपासून बसवलेली होती. ती का बसवली याचीही एक कथा आहे. १९९३ साली त्या देशाच्या पश्चिमेकडच्या राज्यांत एका खाद्यगृहांच्या साखळीतले अर्धवट भाजलेल्या मांसाचे पाव खाऊन ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ४ मुले गेली. देश हादरला. १९९६पासून 'फूडनेट' नावाचा पहारा सुरू झाला. दहा प्रदेश, त्यांत देशाची सुमारे १५ टक्के वस्ती. या पहाऱ्याचे वैशिष्ट्य असे की कुणी येऊन वर्दी देईल म्हणून तो चौकीत बसून राहत नाही. त्याची माणसे स्वतः प्रयोगशाळांना विचारीत फिरतात: काही सापडले का? किती सापडले? कोण? काय खाल्ले होते?

अशा जाग्या पहाऱ्यावर २०२० साल आले. त्या वर्षी फूडनेटच्या वहीत १८,४६२ रोगी चढले. त्यांतले ४,७८८ इस्पितळात गेले, ११८ मेले. आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहता रोग्यांचा आकडा २६ टक्क्यांनी उतरला होता. चारांत एक रोगी नाहीसा!

वरवर पाहणाऱ्याला ही आनंदाची बातमी. आणि ती पुरतीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. खाद्यगृहे बंद होती, मेजवान्या बंद होत्या, माणसे घरचे शिजवून घरीच खात होती, आणि उभ्या आयुष्यात धुतले नसतील इतके हात लोकांनी त्या वर्षी धुतले. परदेशचा प्रवास थांबला होता. एरवी नोंदीतल्या शंभरांत चौदा रोगी परदेशातून दुखणे घेऊन आलेले असत, त्या वर्षी ते पाचांवर आले. एवढी घट खरीच म्हटली पाहिजे.

पण दुसरी एक वही उघडून पाहा. २९ मार्च ते २५ एप्रिल २०२० या चार आठवड्यांत अमेरिकेतल्या इस्पितळांच्या तातडीच्या विभागांत येणारी माणसे आदल्या वर्षीच्या त्याच सुमारापेक्षा ४२ टक्क्यांनी घटली. आठवड्याला २१ लाख येत, ती १२ लाखांवर आली. आणि कोणत्या तक्रारीची माणसे सर्वांत अधिक घटली? पोटदुखी आणि पोटाच्या इतर तक्रारींची. आठवड्याला ६६ हजारांहून अधिक! साऱ्या देशाची पोटे एका महिन्यात बरी झाली, यावर ज्याला विश्वास ठेवायचा असेल त्याने ठेवावा. माणसे घरी पडून होती. इस्पितळात गेलो तर नसलेला रोग घेऊन येऊ, ही भीती. आणि डॉक्टरांवर आधीच एवढा भार, त्यात आपले जुलाब कुठे न्यायचे, ही भीड. ज्यांनी डॉक्टर गाठला त्यांतल्या पुष्कळांनी तो टेलिफोनवर आणि पडद्यावर गाठला. पडद्यावरून जीभ दाखवता येते, नमुन्याची डबी देता येत नाही. डबी पोहोचली तरी प्रयोगशाळेची यंत्रे, माणसे, नळ्या, सारे करोनाच्या कामाला जुंपलेले, हाफकिनचेच झाले. आणि ज्यांनी रोग्याला फोन करून 'गेल्या आठवड्यात काय काय खाल्ले' असे विचारायचे, ते आता 'कुणाकुणाच्या संपर्कात आला होता' असे विचारीत होते.

आणखी एक खूण आहे. नोंदीत चढलेल्यांपैकी इस्पितळात दाखल झालेल्यांचे प्रमाण त्या वर्षी किंचित वाढले. म्हणजे हलके दुखणे घरातच राहिले आणि नोंदीत आले ते अधिक करून अंगावर काढता न येण्यासारखे. माझ्या वर्गात पावसाळ्यात हजेरी घसरते तेव्हा जी उरलेली पोरे येतात ती गावातली, पक्क्या रस्त्यावरची असतात, ओढ्यापलीकडची नव्हेत. त्या दिवसाच्या हजेरीवरून मी गावाची सरासरी काढली तर इन्स्पेक्टर मला वेड्यात काढील.

तरीही पहारा अगदीच झोपला नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्याच उन्हाळ्यात कांद्याचे प्रकरण झाले. आपल्याकडे कांदा सरकारे हलवतो. तिकडे त्याने ४८ राज्यांना जुलाब लावले. जूनपासून एकाच वाणाच्या साल्मोनेलाचे रोगी जागोजाग निघू लागले. जंतूच्या जनुकांची ठेवण तपासून हे सारे एकाच कुळातले असे ठरवता आले, आणि माग काढीत माणसे कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डच्या एका उत्पादकाच्या लाल कांद्यापर्यंत पोहोचली. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला कांदा बाजारातून परत बोलावला गेला. साथ संपल्याचे जाहीर झाले तोवर अमेरिकेत १,१२७ रोगी नोंदले गेले होते, १६७ इस्पितळात गेले होते. शेजारच्या कॅनडात ५१५. एका नोंदीमागे तीस बिननोंदीचे, हा मघाचा हिशेब इथे लावून पाहायचा मोह होतो. पण तो शांततेतला हिशेब. २०२० साली एकामागे किती, हे कोण सांगणार?

२०२२पर्यंत बहुतेक जंतूंचे आकडे पुन्हा पूर्वीच्या जागी येऊन बसले. खाद्यगृहे उघडली, विमाने उडू लागली, माणसे दवाखान्यात जाऊ लागली. यांतल्या कशाने किती वाढले हे वेगळे करता येत नाही. जाता जाता सांगतो, जुलै २०२५मध्ये फूडनेटवरचे बंधन आठ जंतूंवरून दोहोंवर आणले गेले. म्हणजे आता काही नोंदी महामारीवाचूनही कमी होऊ शकतील.

महामारीत निदान होतच नाही असे मात्र समजू नये. आंध्रातल्या एलुरू गावात ५ डिसेंबर २०२० रोजी माणसे अचानक झटके येऊन पडू लागली. ओकाऱ्या, भोवळ, शुद्ध हरपणे. थोड्याच दिवसांत आकडा सहाशेच्या घरात गेला, एक जण दगावला. सगळ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न अर्थातच करोनाचा. चाचण्या झाल्या, करोना नव्हता. पण तेवढ्यावर कुणी थांबले नाही. दिल्लीच्या एम्सने रक्त तपासले, त्यात शिसे आणि निकेल निघाले. आपल्या नागपूरच्या नीरीची माणसे पाणी तपासायला गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भाज्या तपासल्या. आणि शेवटी मुख्य संशय कीटकनाशकांवर गेला. माणसे भर रस्त्यात कोसळत होती म्हणून हे झाले. एकेकट्या घरात, पांघरुणाखाली, हळूहळू चढणाऱ्या तापाचे तसे नसते. उलट २०२१च्या दुसऱ्या लाटेत उत्तरेकडच्या कित्येक खेड्यांत करोनाचेच रोगी 'टायफॉईड आहे' म्हणून झाडाखाली सलाईन लावून घेत होते. ज्या नावाची भीती कमी, ते नाव रोगाला द्यायचे.

आता घरची हकीकत. १८९७चा तो कायदा मार्च २०२०मध्ये आपल्या सरकारने पुन्हा बाहेर काढला, तेव्हा इतिहासाचा मास्तर म्हणून मला जरा गंमतच वाटली होती. १५ सप्टेंबरला 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही घरोघरच्या पाहणीची मोहीम निघाली. शाळा बंदच होत्या. आमच्या भागात आम्हां मास्तरांनाही कामाला लावले. आमच्या पथकात आशाताई, एक कॉलेजातला पोरगा आणि मी. ताईंकडे तापमापक, पोराकडे बोटाला लावून प्राणवायू मोजायचे यंत्र, आणि अक्षर बरे म्हणून वही माझ्याकडे.

अधिक आश्विन होता. माझी विधवा आत्या आमच्याकडेच असे, वय ६८. जावयाला वाण द्यायचे म्हणून ३३ अनारशांची खटपट तिने महिनाभर आधीपासून मांडली होती. शिवाय तिचे ताक. आत्याचे ताक गल्लीत प्रसिद्ध. पाच घरची पोरे सकाळी तांब्या घेऊन येत. टाळेबंदीतही येत, फक्त आता तोंडाला फडके बांधून येत. अधिकाच्या पहिल्या आठवड्यात आत्याला बारीक ताप येऊ लागला. दुपारी चढे, पहाटे उतरे. पोट बिघडलेले. मी म्हटले, "आत्या, दवाखान्यात दाखवून येऊ."

"ताप नाही रे, नुसती कणकण आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मला तिकडे नेऊ नकोस. तिकडून माणूस प्लॅस्टिकात बांधून येतं."

मी नेले नाही. ती ताक करीतच होती.

आठ-नऊ दिवसांनी आमची गल्ली पाहणीत आली. माझ्याच दारात मी वही घेऊन उभा. ताईंनी माझ्या बायकोचा, मुलांचा ताप पाहिला. "आत्याबाई दिसत नाहीत?" मी म्हटले, "बहिणीकडे गेलीय." आत माजघरात ती भिंतीकडे तोंड करून निजली होती, आणि खोकला नव्हता म्हणून आवाजाचा प्रश्न नव्हता. कण्हणे ती गिळत असावी. आमच्या वहीत ताप होता, खोकला होता, मधुमेह होता. पोटाचा रकाना मला तरी आठवत नाही. पण असता तरी मी काय लिहिले असते? आमच्या घरापुढे मी लिहिले: निरंक. त्या वेळी मला पणजीचे जाते आठवले नाही. पुष्कळ दिवसांनी आठवले.

एकोणिसाव्या दिवशी आत्याचे पोट फुगून फळीसारखे घट्ट झाले तेव्हा गाडी केली. आधी करोनाची तपासणी, मग पुढचे, असा तेव्हाचा रिवाज. त्यात वेळ गेला. तो नाही असे ठरल्यावर कुणीतरी तिच्या पोटावर हात ठेवला. टायफॉईडने आतड्याला भोक पडले होते. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर वयाने माझ्याहून लहान होते. ते एवढेच म्हणाले, "मास्तर, पहिल्या आठवड्यात आणलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं." टायफॉईडवर १९४८पासून औषध आहे. पणजीच्या वेळी ते नव्हते.

आत्या वाचली. दोन महिने अंथरुणावर होती आणि पुढे तीन वर्षे जगली. मला तिने कधी बोल लावला नाही, उलट 'माझ्या भाच्याने वेळेवर नेलं' असेच ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. ते ऐकताना मी उठून बाहेर जात असे.

दसऱ्याच्या आसपास मागच्या दारच्या घरातली मुलगी तापाने पडली. पाचवीतली, माझ्याच शाळेतली. तांब्या घेऊन येणाऱ्यांत ती होती. तिलाही टायफॉईडच निघाला. आत्याच्या ताकातून, की दोन्ही घरांच्या नळातून, की आणखी कशातून, हे कुणी शोधले नाही. शोधायला कुणाला सवडही नव्हती, आणि ज्याने शोधा म्हणायचे त्याने आपल्या घरापुढे काय लिहिले होते ते मी सांगितलेच आहे. २७ जानेवारी २०२१ला पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले. ती मुलगी डोक्याला रुमाल बांधून आली. टायफॉईडने तिचे केस गेले होते. तिला सोडायला आई आली होती.

"मास्तर, हिला कुठून झालं हो हे?" ती म्हणाली. "आम्ही तर सहा महिने दारातून पाऊल बाहेर टाकलं नव्हतं."

मी म्हटले, "पाणी उकळून प्यायला देत चला."

मोहिमेच्या वह्या आम्ही ठरल्याप्रमाणे वर पाठवल्या. माझी कच्ची वही मात्र शाळेच्या कपाटात राहिली, अजून आहे. आमच्या गल्लीचे पान काढले की त्यात चौदा घरे आहेत आणि चौदाही घरांपुढे तोच एक शब्द आहे, माझ्या वळणदार अक्षरात.